हसीनाची कुंकवाची डबी

श्रीगोंद्याला मी बारा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. त्यातली शेवटची काही वर्षं माझ्याकडे एक रेकॉर्ड प्लेयर होता आणि बेचाळीस रेकॉर्ड्स होत्या. ख्याल, नाट्यपदं, भावगीतं, सतार, बासरी. प्रत्येक रेकॉर्डला नंबर दिलेला होता आणि एका वहीत राग, ताल, गायक यांची नोंद होती. नगरला पगाराच्या कामाला गेले की मी एक रेकॉर्ड घेऊन यायची, यष्टीत ती मांडीवर आडवी धरून. शेजारी कुणी बसलं तर सांगायची, "जरा जपून, यात गाणं आहे."

रविवारी सकाळी माझ्या घरी मुलं ऐकायला येत. अकरा मुलं. सतरंजीवर रांगेत बसायचं, हाताची घडी, बोलायचं नाही. एक बाजू संपली की मी विचारायची, "काय ऐकलं?" कोणी म्हणे तबला, कोणी म्हणे बाई रडत होती. मी समजावून सांगायची. मला शिकवायला फार आवडायचं. मूल चुकलं तर मी दहादा सांगे, कंटाळत नसे. गावात माझं नावच तसं होतं, मुक्ताबाई म्हणजे शांत बाई.

१९७१च्या पावसाळ्यात अकराची नऊ मुलं झाली. मग पाच. श्रावणातल्या एका रविवारी फक्त दोघं आली आणि त्यातला एकजण खिडकीबाहेर बघत होता.

"बाकीचे कुठे आहेत रे?"

"हसीनाचाचीकडं," तो म्हणाला. "तिथं रेकॉर्डी धुवायला मिळत्यात."

हसीना म्हणजे महमूदची बायको. महमूदचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. आसपासच्या गावांत कुठेही लग्न असलं की उंच बांबूवर महमूदचा कर्णा चढायचा आणि दिवसभर रेकॉर्डी वाजायच्या. आषाढात लग्नं थांबली की ते सामान तुळशीच्या लग्नापर्यंत घरी पडून राही. त्या चार महिन्यांत हसीना रेकॉर्डी साफ करत असे. रेकॉर्डी धुतात, हे मी तोवर ऐकलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी ते दोघंही आले नाहीत. मी बघायला गेले. एका मुलाची वही परत करायचं निमित्त काढलं होतं.

अंगणात लिंबाच्या सावलीत घमेल्यात रिठ्याचं पाणी होतं. मुलं गोल बसली होती. माझीच मुलं. प्रत्येकाच्या हातात मलमलीचा तुकडा. रेकॉर्ड कडेने धरायची, रेघांच्या दिशेने पुसायची, मधल्या कागदी चकतीला थेंबसुद्धा लागू द्यायचा नाही, असं हसीना सांगत होती आणि मुलं तसंच करत होती. बाजेवर मशीन वाजत होतं. आधी एक लावणी झाली, मग कव्वाली, मग पोवाडा, मग एक विलायती रेकॉर्ड. नुसतं तुताऱ्या आणि ढोल. माझ्या वहीत यांतल्या एकालाही जागा नव्हती.

"या बाई, बसा की," हसीना उठली. पदर सावरून तिने मला पाट दिला. "पोरं म्हनत्यात, बाईंकडं लई भारी रेकॉर्डी हायत."

"मग येत का नाहीत?" मी हसून विचारलं. हसू बरोबर जमलं नसावं, कारण सहावीतली गोजर माझ्याकडे बघून पटकन खाली बघायला लागली. गोजरचा कान माझ्या सगळ्या मुलांत जास्त तयार होता. एकदा ऐकलेली ओळ ती जशीच्या तशी म्हणायची. ती माझ्यासमोर घडी घालून बसायची तेव्हा मला वाटायचं, ही मुलगी मी घडवतेय. आणि आता ती कोपरापर्यंत रिठ्याच्या फेसात हात घालून तोंडाने तुतारी वाजवत होती.

"ही विलायती कुठून आणली?" मी विचारलं.

"भिंगारच्या मिलिट्री कॅम्पातनं. साहेब लोक बदली झाली की भंगारात टाकत्यात. आमचे हे किलोवर घेऊन येत्यात." हसीना हसली. "ही आमची चुन्याची."

"चुन्याची म्हणजे?"

उत्तर गोजरने दिलं. तिने चकती माझ्यासमोर धरली. नाव छापलेल्या कागदाच्या कडेला चुन्याचा एक बारीक पांढरा ठिपका होता. "बाई, चुना म्हंजी पंगत. ही लावली की वाढपी पळत्यात. जिलबी भराभर येती."

मुलं खदखदली. मग एकेकाने मला शिकवायला सुरुवात केली. हळदीचा ठिपका म्हणजे हळद लावतानाची गाणी. कुंकवाचा म्हणजे वरात आणि नवरदेव येतानाची. काजळाचा म्हणजे पाठवणीची.

"काजळ का?" मी विचारलं.

"रडताना वघळतं म्हनून," हसीना म्हणाली. "ह्यांना वाचता येत न्हाई, बाई. मलाबी न्हाई. मग मीच हे डिंकात कालवून लावलं. आमच्या घरात कुंकू कोन लावतंय? पन तुमच्या लोकांच्या लग्नापायी एक डबी ठेवलीया." तिने कोनाड्यातली पितळेची डबी दाखवली. "माझी सासू म्हनायची, ही कुंकू कुनाला लावती? म्हनलं, रेकॉर्डीला!"

सगळी हसली. मीही हसले. घरी येताना मात्र मी मनात मोजत होते. ज्या बाईला आपलं नाव लिहिता येत नाही, तिच्या चार ठिपक्यांनी माझी अकरा मुलं नेली. माझ्या बेचाळीस रेकॉर्ड्सना नंबर होते, राग होते, आणि एकही मूल नव्हतं.

मला मत्सर वाटत होता. तेव्हा मी त्याला दुसरं नाव दिलं होतं, मुलांची अभिरुची बिघडू नये अशी काळजी.

दसऱ्यानंतर मीच हसीनाला म्हणाले, "तुमच्या रेकॉर्डींची पाकिटं पार फाटलीत. दोन्ही पेट्या माझ्याकडे द्या. नवी पाकिटं करते, वर सुंदर अक्षरात नावं घालते. व्यवस्थित वर्गवारी होईल."

"नावं कशाला, बाई? ठिपके हायत की."

"ठिपके राहतीलच. वरून नावं. उद्या तुमच्या घरात कोणी शिकलं तर उपयोग होईल."

मास्तरीणबाई आपल्यासाठी एवढं करतात म्हणून ती संकोचली. "दिवाळीपत्तूर द्या मंजी झालं," म्हणाली. मुलांनीच त्या दोन पेट्या माझ्या घरी आणून ठेवल्या.

पहिला ठिपका माझ्या हातून चुकून पुसला गेला, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं ते असं. पाकिटं करून झाली होती. मी शाईने लिहीत होते : भक्तिगीत क्रमांक एक, लावणी क्रमांक तीन, वाद्यसंगीत क्रमांक दोन. अक्षर मोत्यासारखं येत होतं. आणि प्रत्येक रेकॉर्ड आत सरकवताना तो ठिपका माझ्याकडे बघत होता. माझं सगळं लिहिणं त्या ठिपक्यापुढे फुकट होतं, कारण महमूद पाकीट वाचणारच नव्हता. तो ठिपका बघणार होता. मी कापूस ओला केला. चकतीचा कागद गुळगुळीत होता. हळद गेली. काजळ गेलं. चुना तर नखानेच निघाला. कुंकवाचा मात्र कुठे कुठे फिकट गुलाबी डाग राहिला.

एकशेअठरा रेकॉर्डी होत्या. दोन दुपारी लागल्या.

दुसऱ्या दुपारी गोजर गणिताची वही न्यायला आली. दारात उभी राहिली. माझ्या पुढ्यात ताटलीत गुलाबी, पिवळे, काळे कापसाचे बोळे पडले होते.

"काय करताय, बाई?"

"साफ करतेय. वही तिथे कपाटावर आहे."

तिने वही घेतली आणि गेली.

पेट्या मी दिवाळीला दिल्या नाहीत. आज देते, उद्या देते असं करत राहिले. तुळशीचं लग्न झालं आणि पहिलीच तिथी आमच्या शाळेच्या शिपायाच्या, छगनच्या घरी लागली. त्याच्या लेकीचं, भागूचं लग्न. छगनने पंधरा दिवस आधीपासून मला बजावलं होतं, "बाई, सकाळपासनं यायचं. जेवायच्या टायमाला येनारी मानसं येगळी." त्या सकाळी महमूद स्वतः टेम्पो घेऊन माझ्या दारात आला, पेट्या उचलल्या आणि तसाच लग्नघरी गेला. हसीनाच्या हाताखालून त्या गेल्याच नाहीत. मला ते माहीत होतं.

मांडवात बायका हळद घेऊन बसल्या होत्या. महमूदने पेटी उघडली. पांढरीशुभ्र पाकिटं बघून तो खूश झाला, मला लांबूनच हात जोडले. मग एक रेकॉर्ड काढून चकती बघितली. उलटी केली. दुसरी काढली. तिसरी. उन्हात धरली. त्याच्या कपाळावर घाम आला.

"महमूदभाई, लावा की! हळद वाळाया लागली!" बायका ओरडल्या.

त्याने अंदाजाने एक लावली. ती पाठवणीची निघाली. लेक सासरी निघाल्याचं गाणं, सनईसकट, कर्ण्यातून साऱ्या आळीभर. हळदीचं बोट गालाला टेकलेलं असतानाच भागूने हंबरडा फोडला. तिची आजी लंकाबाई आधीच हळवी, तिने नातीला मिठीच मारली. दोघींच्या तोंडावरून हळद वाहायला लागली. मांडवातल्या बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या.

"अहो भोंगेवाले," नवऱ्याकडचा एक मामा म्हणाला, "नवरी आत्ताच घालवताय व्हय? आमाला जेवू तरी द्या!"

काही माणसं हसली. नवऱ्याची आई हसली नाही. "हळदीला रडनं बरं न्हाई," एवढंच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

महमूद धावत माझ्याकडे आला. "बाई, ठिपके दिसत न्हाईत. तुमी लिवलंय न्हवं वर, तुमी वाचा. नवरदेव मारुतीपाशी आलाय, त्याला काय तरी चांगलं लावा."

मी मशीनपाशी गेले. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी बरं वाटलं. आता माझं अक्षर कामाला येणार होतं. नवरदेव देवळातून येतोय, तेव्हा भक्तिगीतच योग्य, असा विचार करून मी भक्तिगीत क्रमांक चार काढून दिली.

मी ती कधी ऐकली नव्हती. एकशेअठरांपैकी एकही ऐकली नव्हती, नुसती लेबलं वाचून लिहिली होती. तो भजनाचा प्रकार होता, पण आमच्या भागात ते भजन मयतीमागे म्हणतात. मारुतीच्या पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि शेजाऱ्याला विचारलं, "कोन गेलं रं?"

त्यानंतर छगननेच येऊन मशीनची वायर ओढली. नवऱ्याकडची माणसं समजुतीची होती, लग्न लागलं. पण कर्णा दिवसभर मुका राहिला. शेजारच्या गावचे एक पाटील जेवायला आले होते. त्यांच्या घरचं लग्न महमूदने धरलं होतं. जाताना ते त्याला म्हणाले, "आमचं राहू दे बाबा. आमच्यात म्हातारी मानसं हायत."

महमूदने पेट्या बंद केल्या. "पोरांनी घोळ केला," तो म्हणाला. "रिठ्याचं पानी लावून समदं पुसलं. हसीनाला म्हनत हुतो, पोरासोरांच्या हातात देऊ नगं. आता एकालाबी अंगनात पाय ठेवू देनार न्हाई."

मी तिथेच उभी होते. बोलायला दोन पावलांचं अंतर होतं. मी बोलले नाही.

रविवारी अकराच्या अकरा मुलं आली.

मी सकाळी उठून पोहे केले होते. सतरंजी झटकली होती. मुलं रांगेत बसली, हाताची घडी घातली. माझ्याजवळची सगळ्यांत चांगली सतारीची रेकॉर्ड मी लावली. सकाळचा राग, मला पाठ असलेला. तीन महिन्यांपासून मला हेच हवं होतं. बाजू संपली.

"काय ऐकलं?"

मागच्या बाजूला हुंदका ऐकू आला. तिसरीतला कानिफनाथ. बारीक मूल, नाकाला सदा शेंबूड, हातात धरलेली गोष्ट कधी सांडायचा नाही.

"काय झालं रे?"

"बाई, ते मीच पुसलं आसंल." तो मनगटाने डोळे पुसत होता. "चाची म्हनायची, चकतीला पानी लावू नगंस. माजा हात वला हुता. एकदा लागलं हुतं."

"एकदाच लागलं हुतं, येड्या," शेजारचा म्हणाला. "तेवढ्यानं समद्या पुसत्यात व्हय?"

"मग कुनी पुसल्या?" कानिफने विचारलं.

गोजर माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे. गणित सोडवताना मूल पाटीकडे बघतं तशी. हातांची घडी तशीच. मी विचारलं असतं तरी ती बोलली नसती, हे मला कळलं. तिने बाईला बाई मानलं होतं, म्हणून ती गप्प होती. आणि कानिफ आठ वर्षांचा होता आणि न केलेला गुन्हा स्वतःच्या हाताने अंगावर घेत होता, कारण मी शिकवलं होतं की चूक झाली तर कबूल करावी.

"उठा," मी म्हणाले.

"कुठं, बाई?"

"हसीनाचाचीकडे."

माझ्या रेकॉर्ड्सची पेटीही मी घेतली. का घेतली ते मला तेव्हा माहीत नव्हतं. रिकाम्या हाताने जायची लाज वाटली असेल.

हसीना अंगणात तांदूळ निवडत होती. महमूद बाजेवर पडला होता. मुलं फाटकाबाहेरच थांबली. मी आत गेले आणि उभ्यानेच सांगितलं. कापूस, ताटली, दोन दुपारी. मुलांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. कानिफचं नाव घेऊन सांगितलं की त्याचा हात ओला असला तरी त्याने काही पुसलेलं नाही.

महमूद उठून बसला. हसीनाने सूप खाली ठेवलं.

"का पन, बाई?"

"मुलं तुमच्याकडे यायला लागली म्हणून."

"मी तर पोरांना म्हनायची, बाईंसारकं बसा, बाईंसारकं ऐका," ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "मला मागितलं असतं तर रेकॉर्डीच दिल्या असत्या. ठिपके कशाला पुसलं? त्ये माझं लिवनं हुतं!"

मला आजही तिचं हे वाक्य आठवतं. तिचं लिहिणं. मुलाच्या पाटीवरचं अक्षर मी कधी पुसायची नाही, कितीही वेडंवाकडं असलं तरी. शेजारी नीट काढून दाखवायची. सगळ्या नोकरीत हा नियम पाळला आणि एकदाच मोडला.

"भाभी, मी पाटलांकडे जाऊन सांगते. छगनलाही सांगते."

"त्ये तर सांगालच," महमूद म्हणाला. "पन आता वळखायच्या कशा? समद्या लावून बघाव्या लागतील. एकशेअठरा."

"बाई लावतील," हसीना म्हणाली. "बाई ऐकतील, पोरं सांगतील, आन् ठिपका बाईच लावतील." तिने कोनाड्यातली पितळेची डबी आणून माझ्यासमोर पाटावर ठेवली. शेजारी हळद, काजळ, चुना. वाटीत डिंक कालवला. माझ्याशी ती त्या दिवशी पुन्हा बोलली नाही.

त्या हिवाळ्यातले सगळे रविवार मी त्या अंगणात बसले. रेकॉर्ड लागली की गाण्याच्या पहिल्या दोन ओळींतच मुलं ओरडायची, "काजळ!" "न्हाई, हळद!" पुष्कळदा रेकॉर्ड लागायच्या आधीच ओळखायची, कडेचा टवका बघून, रेघांची झाक बघून. गोजर तर रेकॉर्ड उन्हात तिरकी धरून सांगायची, "हितं नुसती पेटी वाजती, हितनं गानं सुरू हुतं." बेचाळीस रेकॉर्ड्स माझ्या, पण मी त्यांच्या रेघा कधी बघितल्या नव्हत्या. मला ते शिकायला हवं होतं आणि मला त्या मुलीचा हेवा वाटत होता, दोन्ही एकाच वेळी. मयतीच्या भजनाला काय लावायचं यावर वाद झाला. शेवटी हसीना म्हणाली, "त्याला काई नगं. ती लग्नाला न्यायचीच न्हाई." पाटलांकडे मी दोनदा गेले. दुसऱ्या खेपेला त्यांनी कर्णा पुन्हा सांगितला.

शेवटच्या रविवारी सगळं संपल्यावर हसीनाने माझी पेटी उघडली. सतारीची रेकॉर्ड काढली. "ही ऱ्हायली की. ही कवा लावायची?"

"सकाळी. सकाळचा राग आहे."

"सकाळी कवा? कोन आल्यावर?"

बेचाळीस रेकॉर्ड्स मी नेहमी एकटीने ऐकल्या होत्या, किंवा घडी घातलेल्या मुलांसमोर. कोणी आल्यावर लावायची रेकॉर्ड माझ्याकडे नव्हती.

"ही कुनीच येईना तवा लावायची," गोजर म्हणाली.

मुलं हसली. गोजरने जीभ चावली. मी तिच्याकडे बघून मान हलवली, उत्तर बरोबर आल्यावर वर्गात हलवायची तशी.

हसीनाने चारही रंगांकडे बघितलं. त्यातला एकही तिला चालेना. मग तिने घमेल्यात बोट बुडवून चकतीवर रिठ्याच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. तो वाळला आणि कागदावर एक पुसट वर्तुळ राहिलं, नीट बघितलं तरच दिसणारं. "ह्ये वळखू येईल मला," ती म्हणाली आणि रेकॉर्ड मशीनवर ठेवली.

मुलं ऐकत होती. कानिफने सवयीने घडी घातली, मग इकडेतिकडे बघून सोडली. बाजू संपायच्या आत कोणीतरी म्हणालं, "चाची, आता ती चुन्याची लाव ना." आणि माझा मत्सर पुन्हा जागा झाला, अगदी तसाच. मी डबीचं झाकण लावलं आणि हसीनाला चुन्याची शोधून दिली.